ताई, सिंग्युलॅरिटी आहे

ताई, आधी या लोकांना आवर.

तू गेल्यापासून घरी जो येतो तो चपला काढता काढता एकच वाक्य बोलतो. "आता ताईंना कळलं असेल, कृष्णविवराच्या आत काय असतं ते." काल पाठशाळेतले गुरुजी बोलले. आज सकाळी तुझ्या विभागातल्या दोघी प्राध्यापिका बोलल्या. खालच्या दूधवाल्याच्या बायकोनेही तेच म्हटलं, हिंदीत. आणि म्हणून झालं की प्रत्येक जण माझ्याकडे बघत बसतो, मी मान डोलवावी म्हणून. मी डोलवत नाही. मरणं म्हणजे कृष्णविवरात पडणं नव्हे, हे मी किती जणांना समजावू? तू असतीस तर अशांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं असतंस. मला चहा द्यावा लागतो, कारण तुझी मुक्ता म्हणते, "मामा, ते चांगल्या मनाने बोलतात."

चांगल्या मनाने बोलतात, मान्य. पण चूक बोलतात. आणि चूक बोलणाऱ्याला चहा द्यायची सवय तूच मला लागू दिली नाहीस.

तुझ्यावर मी चिडलोय, हे लपवत नाही. मणिकर्णिका घाटावर मुक्ताने अग्नी दिला, तेव्हाही मी चिडलेलोच होतो. शेजारी उभा असलेला आपल्या गल्लीतला गणूभाऊ मला म्हणाला, "श्रीधर, रडून घे, मोकळा होशील." मी म्हटलं, रडायचं काय, तिला पेसमेकर बसवून घे म्हणून सहा महिने सांगत होतो. गणूभाऊ जरा लांब जाऊन उभा राहिला.

खरंच सांग, काय अडलं होतं? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलं, तर तू रामघाटावर तिसऱ्या मजल्यावर राहायचीस. मुक्ता पुण्याला चल म्हणाली, तर "तिथे गंगा कुठाय?" माझ्याकडे सारनाथच्या रस्त्यावर तळमजल्याची खोली रिकामी होती, तर "तुझ्या घरी वाद घालायला गंमत येत नाही, तुझी बायको मधेच भजी आणते." आणि ऑपरेशनचं विचारलं की एकच उत्तर. "ती एक पायरी दुरुस्त होऊ दे, मग बघू." जणू तुझं हृदय तुझ्या गणिताची वाट बघत थांबणार होतं.

ती पायरी काय होती, हे इथे आलेल्यांपैकी कुणालाच माहीत नाही. म्हणून सगळं नीट सांगतो. तुला नाही, तुला ठाऊकच आहे. पण तुझ्याशी बोलतोय तर पहिल्यापासून बोलू दे.

आपला वाद मी बीएस्सीला असताना सुरू झाला. तू तेव्हा गणितात संशोधन करत होतीस. मी वर्गात नवीनच शिकून आलो होतो की मोठा तारा स्वतःच्याच भाराने कोसळला की त्याचं कृष्णविवर होतं, त्यातून प्रकाशही सुटत नाही, आणि आत अगदी शेवटी सगळं एका जागी चिरडलं जातं, जिथे घनता अनंत होते. त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. तू भाकरी भाजत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "अनंत किती असतं?"

"अनंत म्हणजे अनंत."

"तवा किती तापलाय असं मी विचारलं आणि तू 'अनंत' म्हणालास, तर मी काय समजू? तवा खरंच अनंत तापलाय, की तुझं थर्मामीटर फुटलंय?"

त्या दिवसापासून तू थर्मामीटरच्या बाजूने आणि मी तव्याच्या. पुढे तू युनिव्हर्सिटीत गणित शिकवलंस, मी इंटर कॉलेजात फिजिक्स. बाजू मात्र कुणी सोडली नाही.

माझ्याकडे प्रमेय होतं. गुरुत्वाकर्षण एवढं वाढलं की बाहेर फेकलेला प्रकाशही आतच वळायला लागला, तर प्रकाशाची निदान एक तरी वाट पुढे कुठेतरी संपणारच. हे कागदावर सिद्ध झालंय. जगातलं सगळ्यात मोठं पारितोषिक त्यासाठी मिळालंय. कृष्णविवराच्या सावलीचे फोटो निघाले, दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची थरथर पृथ्वीवर मोजली गेली. मी दर वेळी पेपर घेऊन तुझ्याकडे धावत यायचो. आणखी काय पाहिजे?

आणि तू दर वेळी तसंच. "पारितोषिक प्रमेयाला मिळालंय श्री, तुझ्या समजुतीला नाही. वाट संपते एवढंच ते सांगतं. का संपते, तिथे काय आहे, ते सांगत नाही. आपली गल्ली गंगेवर संपते. म्हणून पृथ्वी संपली का?"

"मग नाव कुठाय तुझी?" मी म्हणायचो. "पलीकडे न्यायला?"

"बांधतेय."

खरंच बांधत होतीस. वीस-बावीस वर्षं तू एका गोष्टीच्या मागे होतीस. फिरता तारा कोसळला, आणि त्यातल्या पदार्थाने अमुक एक अट पाळली, तर आत काहीच अनंत होत नाही, वाट संपत नाही, हे सिद्ध करायचं. भाऊजी गेले, मुक्ता नोकरीसाठी पुण्याला गेली, तू प्रोफेसर झालीस, आणि ते चालूच होतं. शेवटी तू निवृत्त व्हायच्या वेळी ते पुरं झालं, आणि निरोपाच्या व्याख्यानात तू ते सगळ्यांसमोर मांडायचं ठरवलंस.

त्या दिवसाचा माझा राग अजून गेलेला नाही.

हॉल भरला होता. दिल्लीहून, मुंबईहून लोक आले होते. मुक्ता सुट्टी काढून आली होती. मी दुसऱ्या रांगेत, तुझ्या विरोधी पक्षाचा, पण छाती फुगवून बसलेलो. तू फळ्यावर लिहीत होतीस, हिंदी-इंग्रजीत समजावत होतीस. फळा जवळजवळ भरत आला. आणि तू थांबलीस. खडू हातात, तोंड फळ्याकडे. मला वाटलं, दम लागला. मी उठायला लागलो. तेवढ्यात तू वळलीस आणि म्हणालीस, "माफ़ कीजिए. यह क़दम ग़लत है."

कुणी बोट दाखवलं नव्हतं. कुणी प्रश्न विचारला नव्हता. समोर बसलेल्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नसतं, माझ्या तर सात जन्मांत आलं नसतं. तू मात्र उरलेला सगळा वेळ शांतपणे तुझी चूक त्यांना शिकवलीस. फिरत्या कृष्णविवराच्या आत, जिथून प्रकाश सुटत नाही त्या सीमेखेरीज, आणखी एक सीमा असते. बाहेरून आत येणारा जरासा प्रकाशही तिथे भयंकर तीव्र होतो, म्हणून तिथे छोटी गडबड छोटी राहत नाही, वाढत जाते. तू मात्र ती छोटीच राहील असं धरून चालली होतीस. हे सांगून तू फळ्याचा खालचा अर्धा भाग पुसलास, वरच्या भागाखाली एक रेघ ओढलीस आणि म्हणालीस, "इतना सही है." आणि जागेवर येऊन बसलीस.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला समजेना.

घरी आल्यावर तू श्रीखंड-पुरी खाल्लीस. चवीने! माझं ताट तसंच होतं. मी म्हटलं, "ताई, व्याख्यान पुरं करायचंस. नंतर घरी बसून दुरुस्त केलं असतंस. आज निरोप होता तुझा."

"आणि मुंबईहून आलेली माणसं चुकीची गोष्ट घेऊन घरी गेली असती?"

"त्यांना कळलंही नसतं!"

"मला कळलं होतं ना."

मग मी म्हटलं, निदान एवढं तरी कबूल कर की माझं बरोबर होतं. त्यावर तू पुरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे असं बघितलंस की मी परत दहावीत गेलो. "माझी सिद्धता चुकली म्हणजे तुझं म्हणणं बरोबर, हे कुठल्या कॉलेजात शिकवतोस, श्री? पोरांच्या आईबापांना माहीत आहे का?"

हरतानासुद्धा जिंकू द्यायचं नाही. अशा माणसाबरोबर जन्म काढलाय मी.

मुक्ता त्या दिवशी घरी येऊनही आतल्या खोलीत जाऊन रडली. तिला वाटलं आईचा अपमान झाला. तू तिची समजूत घालायला गेलीस आणि तिलाच काहीतरी सीमेबिमेचं समजावत बसलीस. पोरगी बँकेत आहे ताई, तिला आईने जवळ घ्यायला हवं होतं. हेही तुला कधीतरी बोलायचं राहून गेलं होतं, आज बोललो.

पण एक बोलायचं राहिलंय ते वेगळं. बाबांनी मला पाठशाळेत घालायचं ठरवलं होतं. आपल्याकडे तेच चालत आलेलं. वेद म्हणायचे, यजमान सांभाळायचे. तुझं स्वतःचं कॉलेजचं भांडण तू नुकतंच कसंबसं जिंकली होतीस, घरात अजून तुझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. तरी तू पुन्हा बाबांसमोर उभी राहिलीस. "याला यंत्रं उघडून बघायची खोड आहे, याला सायन्सला घाला." बाबा म्हणाले, "तू मधे पडू नकोस." तू पडलीस. मी दाराआड उभा होतो. माझ्या वाट्याचं भांडण तू भांडलीस, आणि पुढे चाळीस वर्षं माझ्याशीच भांडलीस. त्या पहिल्या भांडणाबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. तसं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि तू बोलूही दिलं नसतंस. "विषय बदलू नकोस," म्हणाली असतीस.

तर, पेसमेकर. निवृत्तीनंतर तू त्या पायरीमागे हात धुऊन लागलीस आणि तब्येत उतरत गेली. पंधरवड्यापूर्वी गंगेचं पाणी उतरलं आणि तुला पलीकडच्या रामनगरची लस्सी आठवली. मी नको म्हटलं. पुलावरून गाडीने जाऊ म्हटलं. तुला नावच हवी होती. रामजनम नावाड्याला सांगून नाव काढली. बसल्या बसल्या तू सुरू केलंस.

"समज, तू कृष्णविवरात पडलास."

"मीच का?"

"तू जाड आहेस. लवकर पडशील."

"सगळं सारख्याच वेगाने पडतं."

"हो का? बरं झालं, काहीतरी शिकवतोस म्हणायचं. साधं घे, न फिरणारं. तू आत गेलास. आता सांग, सिंग्युलॅरिटी कुठे आहे? समोर? खाली? डावीकडे?"

"मधोमध."

"मधोमध असती तर तू बाजूने निसटला असतास ना! आणि निसटता तर येत नाही. ती कुठेच नाही रे. ती जागा नव्हेच. तू कुठेही वळ, काहीही कर, ती तुझ्या पुढच्या काळात आहे. ती 'कुठे' नाही, ती 'केव्हा' आहे." हे म्हणताना तू उभी राहिलीस, हात पसरून. नाव डुलली.

"बइठ जा दीदी, नाव उलट जाई!" रामजनम ओरडला.

तू बसलीस, पण थांबली नाहीस. "मग जे अजून झालंच नाही, त्याला तू चाळीस वर्षं 'आहे, आहे' कसं म्हणतोयस?"

मी म्हटलं, आधी लस्सी पिऊ. लस्सी संपली, नाव परत फिरली, तू विचारत राहिलीस. रामघाटाच्या पायऱ्या चढताना तू मधे दोनदा बसलीस. मी हात दिला तर म्हणालीस, "हात राहू दे. विचार कर आणि सांग."

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेलीस. विचार कर म्हणायचं आणि आपण निघून जायचं. याला काय म्हणायचं, ताई?

आता परवाचं ऐक. हे ऐकून तू खूष होशील, आणि मला त्याचाही राग येईल.

तुझ्या विभागात शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, सगळं व्यवस्थित. विभागप्रमुख बोलायला उभे राहिले. चांगला माणूस आहे, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, "दीदी ने सिद्ध कर दिखाया कि ब्लैक होल के भीतर सिंगुलैरिटी नहीं होती. यह काम उन्हें अमर रखेगा." लोकांनी माना डोलावल्या. मुक्ता माझ्या शेजारी होती, तिने पदराने डोळे पुसले.

मी खुर्चीतून अर्धा उठलो. तुला वाटेल, जिंकण्याच्या हौसेने. नाही. तू बावीस वर्षांचं काम भर सभेत स्वतःच्या हाताने पुसलं होतंस, आणि हा माणूस प्रेमाने ते पुन्हा फळ्यावर लिहीत होता. पुढचं नाव माझंच होतं. भाऊ म्हणून दोन शब्द.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, "नहीं. दीदी ने यह सिद्ध नहीं किया."

मी सांगत गेलो. तिची सिद्धता अर्धी राहिली, हे तिनेच याच विद्यापीठात सांगितलं. सिंग्युलॅरिटी आहे की नाही, हे आज जगात कुणालाही ठामपणे माहीत नाही. माझं मत आहे की आहे, तिचं मत होतं की नाही, आणि मतं म्हणजे सिद्धता नव्हे. तिचं जे आहे ते रेघेच्या वरचं आहे. तेवढंच तिच्या नावावर लिहा, जास्त लिहिलंत तर ती तुम्हाला सोडणार नाही. मागून कुणीतरी कुडता ओढत होतं, "भाई साहब, आज के दिन तो..." मी बसलो. विभागप्रमुखांचा चेहरा बघवत नव्हता.

बाहेर आल्यावर आम्ही ई-रिक्षा केली. मैदागिनच्या चौकात उतरून आम्ही गल्लीतून चालायला लागलो, तेव्हा मुक्ताचा बांध फुटला.

"आई जाऊन आठवडा नाही झाला, मामा. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास तिचं चुकलं."

"तिनेच म्हटलं होतं."

"तिने म्हणणं वेगळं! तू कशाला म्हणायचं? चाळीस वर्षं भांडलास तिच्याशी, अजून पोट नाही भरलं? एक दिवस तिला जिंकू दिलं असतंस तर काय झालं असतं?"

"खोटं जिंकणं तिला चाललं नसतं."

"तिला! तिला! मला काय चालतं ते विचारलंस?"

नव्हतं विचारलं. गल्लीत आम्ही दोघं उभे, मधून गाय गेली, एक मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. मग ती जरा शांत झाली. बंद दुकानाच्या फळीवर बसली आणि म्हणाली, "मग रेघेच्या वर काय होतं, ते तरी सांग. मी तेव्हा तिथे होते, पण मला काही दिसत नव्हतं, मी रडत होते."

मी सांगितलं. फिरता तारा कोसळला, त्यातल्या पदार्थाने आईची अट पाळली, आणि बाहेरून त्याला कुणी ढवळलं नाही, तर आत काही अनंत होत नाही. वाट पुढे जाते. हे पक्कं आहे. कुणीही, कधीही तपासून बघावं. ढवळलं तर काय होतं, ते आईला माहीत नव्हतं.

"म्हणजे अर्धं झालंय?"

"अर्धं झालंय. पण ते अर्धं कुणी हलवू शकणार नाही. आणि त्या साहेबांनी म्हटलं ते सगळं, एका पोराने उलट तपासलं तर तासाभरात कोसळेल. मग लोक वरचं अर्धंही पुसतील."

ती फळीवरून उठली. मग म्हणाली, "हे सभेत नीट सांगायचं होतंस. तू नुसता ओरडत होतास."

असेन ओरडत. भाषण कसं करायचं हे तू मला शिकवलं नाहीस.

तेवढ्यात इंदूरहून आपल्या चुलत वहिनींचा फोन आला. कधी यायचं विचारत होत्या. मी म्हटलं, "या ना. गुरुवारी ताईचं तेरावं आहे."

फोन ठेवला आणि तिथेच उभा राहिलो. गुरुवार यायचा होता. तेरावं झालेलं नव्हतं. तरी मी 'आहे' म्हटलं होतं, आणि वहिनींना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाबा आयुष्यभर पंचांग उघडून सांगायचे, सोमवारी एकादशी आहे, पौर्णिमेला ग्रहण आहे. जे गणिताने ठरलंय आणि चुकवता येत नाही, त्याला आपण 'होईल' म्हणत नाही, 'आहे' म्हणतो. कृष्णविवराची सीमा ओलांडलेल्याची सिंग्युलॅरिटी तशीच. कुठे नाही, केव्हा आहे, पण आहे!

सापडलं होतं ताई. नावेतलं उत्तर. मी तिथेच गल्लीत मुक्ताला सगळं सांगितलं, हातवारे करून, नाव, लस्सी, तुझा प्रश्न, माझं उत्तर. यात कुठेतरी भोक असणार, हे सांगता सांगताच मला जाणवत होतं. तू असतीस तर ते एका वाक्यात दाखवलं असतंस. मी त्या वाक्याची वाट बघत थांबलो.

मुक्ताने सगळं ऐकून घेतलं. माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "छान आहे, मामा."

मणिकर्णिकेवर आलं नव्हतं, ते रडू मला तिथे आलं.